ज्वारी की खसखस

१९ नोव्हेंबर १९२८, सोमवार

शेड मिळाली! तीन बाजूंनी पत्रा, चौथी उघडी, आणि कोपऱ्यात गेल्या सालच्या सरकीचा कुजका ढीग. एक मोडकं लाकडी कपाटही आहे. गिरधरशेठ मॅनेजर कपाटाची किल्ली हातावर ठेवताना म्हणाले, "रुईच्या गाठी ठेवायची जागा आहे बाई ही. विसरू नका."

विसरायची सोयच नाही. दोन पावलांवर जिनिंगचा दरवाजा, आत कापसातून सरकी काढणारी बारा यंत्रं आणि ऐंशी बायका. बोललेलं आपलंच आपल्याला ऐकू येत नाही.

धुळ्याच्या मिशनच्या आश्रमात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या पोरीनं आश्रमातच गुमान शिकवत राहावं. हे जळगावच्या जिनिंगात जायचं खूळ कशाला? म्हटलं, यंत्रात कापूस सोडणाऱ्या बायकांची पोरं सांभाळणार. शिकवणार. तीन-चार वर्षांच्या पोरांना काय शिकवणार, रूथ? — नाक शिंकरायला, नखं कापायला, हात धुवायला! हसले सगळे. हसू दे.

२० नोव्हेंबर

एकतीस आली. सतरा चालणारी, चौदा कडेवरची. मदतीला यशोदाबाई आहेत. वीस वर्षं याच जिनिंगात कापूस सोडला, आता दम्यामुळे आत उभं राहवत नाही. पोरं त्यांना अक्का म्हणतात, मला बाई.

कडेवरची चौदा आली तीच झोपलेली. भोंगा झाला, पट्टे खडखडायला लागले, शेडभर धूळ. एकाचाही डोळा उघडला नाही. मी म्हटलं, किती गुणी पोरं! यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "गोयी देयेल शे बठ्ठास्ले."

अफूची गोळी! बाळगोळी म्हणतात इथं. मोहरीएवढी असते. पहाटे ओठाच्या आत ठेवली की आई संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मोकळी. चौदाच्या चौदा पोरांना! आणि मी त्यांना गुणी म्हणाले.

२४ नोव्हेंबर

रोज सकाळी तपासणी असते. रांग धरायची, हात पुढे, नखं वर. मग दात, मग केस. केसांत रुई, नाकात रुई, कानातसुद्धा. एक नाकपुडी दाबून दुसरीनं शिंकरायला शिकवलं, तर पहिल्या दिवशी सतरा जणांनी मिळून माझं लुगडं कामातून घालवलं. आता शहाणी झाली आहेत. जिवली तर माझी मुकादम. वय चार, घर सातपुड्याच्या पायथ्याशी, आईबाप हंगामापुरते इथं आलेत. माझ्याआधी ती सगळ्यांची नखं बघून घेते आणि चुकारांना ओढून माझ्यापुढे उभी करते.

२७ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत बायकांना जमवलं. अफूनं पोर सुकतं, भूक मरते, एखाद दिवशी उठतच नाही — सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग भागाबाई म्हणून एक आहे, नरडाण्याकडची, पाच महिन्यांचा झुलाल पदराखाली घेऊन बसलेली, तिनं एवढंच विचारलं, "रडना तं मॅनेजर माले हाकली दी. मंग?"

दिवसभर स्वतःचाच राग येतोय. व्याख्यान सोपं आहे! तिचा झुलाल दिवसभर रडला तर कोण घेणार?

मी घेणार. उद्या सांगते तिला. जिचं पोर गोळीशिवाय येईल ते भोंग्यापर्यंत माझ्या कडेवर.

३ डिसेंबर

भागाबाई पहिली! सकाळी झुलालला माझ्या हातात दिलं. जागा, डोळे टकटकीत, नाक वाहतंय. मग कमरेची पिशवी सोडून पत्र्याची एक इवली डबी काढली. "आते हाई तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या. मनाजोडे ऱ्हायनी तं मन व्हई." जवळ राहिली तर मोह होईल म्हणे. आत सात गोळ्या होत्या.

चुलीत टाकणार होते. पण ठेवली. नाताळात धुळ्याहून डॉक्टरबाई यायच्या आहेत, त्यांना दाखवीन. आश्रमातल्या हसणाऱ्यांनाही कळू दे. कपाटात, वरच्या फळीवर, बायबलाशेजारी ठेवली आहे. किल्ली यशोदाबाईंच्या कमरेला असते.

झुलाल दिवसभर रडला. हात गळून गेले. पण काय रडतो! छाती भरून.

५ डिसेंबर

भागाबाई सुट्टीत पाजायला आली. मी म्हटलं, आत इतका आवाज, तुला याचं रडणं कसं कळतं? म्हणाली, "हात तठे ऱ्हातस बाई, कान आठे ऱ्हातस."

आता पाच जणी गोळीशिवाय आणतात.

६ डिसेंबर

पाच पोरं एकदम रडली की यंत्रांच्या वर आवाज जातो. गिरधरशेठ आले. ऑफिसात तारा घेता येत नाहीत, मुंबईचे व्यापारी येऊन बसलेले असतात, हा काय तमाशा? मी म्हटलं, शेठ, हा तमाशा नाही, ही तब्येत आहे. मेलेलं पोर रडत नाही.

त्यांना ते आवडलं नाही. जाताना सांगून गेले. पंचवीस तारखेला मालक स्वतः येणार आहेत, तुमचा तो नाताळ बघायला अर्धा तास बसतील. शांतपणे पार पडला तर शेड तुमची. पोरांचं रडगाणं ऐकावं लागलं तर एक जानेवारीला इथं गाठी.

ठीक आहे. बघूच.

८ डिसेंबर

आज नवा धडा. यातल्या निम्म्या पोरांच्या कडेवर घरी धाकटी भावंडं असतातच. आया आत, तेव्हा खरे आईबाप हेच! मग यांनाच का शिकवू नये? एका ताटलीत ज्वारी ठेवली, एकीत खसखस. बाळाला सावलीत न्यायचं, उन्हात नाही. पापणी हलकेच वर करायची. डोळ्यातलं काळं बुबुळ आणि त्याच्या मधला काळाभोर ठिपका. ठिपका ज्वारीएवढा असेल तर बाळ बरं आहे. खसखशीएवढा असेल तर बाळाला गोळी चढली. मग काय करायचं? — ओरडायचं! किती मोठ्यानं? — भोंग्याएवढं!

शेड दणाणली. दिवसभर त्यांना दुसरा धंदा नाही. मांजराचा डोळा बघितला, गाडीच्या बैलाचा बघितला, यशोदाबाईंना निजवून बघितला. संध्याकाळी गिरधरशेठ दिसले तर जिवलीनं धोतर धरून त्यांना खाली वाकवलं. बराच वेळ निरखून म्हणाली, "ज्वारी." मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

१२ डिसेंबर

बायकांना नाताळाची गोष्ट सांगितली. गोठ्यात बाळ जन्मलं, गव्हाणीत निजवलं, मेंढपाळ बघायला आले. त्यांचे प्रश्न काही वेगळेच. सुईण कोण होती? नाळ कशानं कापली? बाळंतिणीला शेक दिला का? परगावात बिचारीची पाचवी तरी कोणी पुजली का? पंधरा वर्षं ही गोष्ट शिकवते आहे, मरियेला कोणी गरम पाणी दिलं असेल का, हे कधी मनातही आलं नव्हतं!

ठरलं. गव्हाणीत कडबा नाही, सरकी आणि रुई. गाडीवाले बैल आणून बांधणार. बायका पाळणा म्हणणार, स्वतः जोडलेला. टोपडं भागाबाई शिवणार. आणि वाटायला सुंठवडा.

१४ डिसेंबर

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. आले. पाळणा काय, सुंठवडा काय, रूथ, ही गोकुळाष्टमी नव्हे. मी म्हटलं, साहेब, आपल्याकडे बाळ जन्मलं की सुंठवडा वाटतात. या बायकांना बाळ आपलं वाटलं म्हणून वाटतायत. ते म्हणाले, मी येणार नाही.

नका येऊ.

१८ डिसेंबर

गोळीशिवाय आता नऊ. झुलालच्या मांडीला वळी पडली आहे. हसतो. तपासणीच्या रांगेत त्यालाही धरतात आणि जिवली त्याची नखं बघते.

२१ डिसेंबर

देवदूतांना कापसाचे पंख हवे आहेत. जिनिंगात कापसाला काय तोटा! पण गिरधरशेठ म्हणाले, एक बोंडसुद्धा उचलायचं नाही. पोरांच्या केसांतून आणि नाकांतून रोज निघते ती रुई मी महिनाभर साठवते आहे. धुऊन, पिंजून तिचे पंख केले. तेही मागायला येतात का बघते!

२३ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून शेडमध्येच. सारवलं, तोरण बांधलं, गव्हाण मांडली. बाळ येशू झुलालच होणार. जिवली मेंढपाळ. डॉक्टरबाई उद्या चाळीसगावहून गाडी बदलून येतील. गिरधरशेठ अटीची आठवण द्यायला दोनदा डोकावले. मालकांसमोर झुलालनं भोकाड पसरलं तर संपलंच! यशोदाबाईंना दहादा बजावलं, काही करा पण त्याला रडू देऊ नका. त्या म्हणाल्या, काळजी नका करू बाई. टोपडं मात्र सुरेख झालं आहे. लाल खणाचं, वर पांढरी झालर.

२५ डिसेंबर, संध्याकाळ

दमले आहे. पण आजच लिहायचं.

जिनिंग आज बंद नव्हती. बायकांना दहा वाजता अर्धा तास सोडलं. कामावरूनच तशा आल्या, डोक्यावर रुई, हातात ढोलकी, टाळ, थाळ्या. मालक खुर्चीवर, शेजारी गिरधरशेठ, पलीकडे डॉक्टरबाई. भागाबाई सगळ्यांत पुढे. सकाळी सात वाजता पोर आमच्या हातात देऊन आत गेली होती, आता त्याला गव्हाणीत बघायला मान उंच करत होती.

झुलाल गव्हाणीत झोपलेला, लाल टोपडं घालून. पंखवाल्यांनी हात वर केले, बैलानं मान हलवली, सगळे हसले. पाळणा सुरू झाला. झुलाल हलला नाही. मालक गिरधरशेठांकडे वळून म्हणाले, किती शहाणं बाळ आहे. मला आकाश ठेंगणं झालं! जिंकले, म्हटलं.

मेंढपाळ आले. त्यांनी नुसते हात जोडायचे होते. जिवलीनं काठी टाकली, गव्हाणीवर वाकली आणि बाळाची पापणी वर केली. मग भोंग्याएवढी ओरडली, "बाई, खसखस! झुलालना डोयामा खसखस!"

लोक हसले. त्यांना वाटलं खेळातलंच आहे.

खरं लिहिते. एक क्षण मीही जागची हलले नाही. मालक हसत होते. वाटलं, पाळणा संपू दे, ते उठून जाऊ देत, मग बघू. एकच क्षण. पण तो होता.

मग उचललं त्याला. मान कलंडली. ओठ निळे. श्वास येतो की नाही ते कळेना. डॉक्टरबाईंनी हिसकावूनच घेतला माझ्या हातातून. पिशवी उघडली, नळीनं पोट धुतलं. तळपायांवर टिचक्या, तोंडावर गार पाण्याचे हबके. म्हणाल्या, झोपू देऊ नका याला. काही करा पण झोपू देऊ नका.

ढोलकी भागाबाईनंच ओढली. जे बडवायला लागली! मग टाळ, मग थाळ्या. ऐंशी बायका पाळणा म्हणत होत्या, पण पाळणा कसला तो, आरडाओरडाच. पोरांनी पत्र्याला दगड मारायला सुरुवात केली. गिरधरशेठ धावत आले, बंद करा, बंद करा म्हणाले. अर्धा तास होऊन गेला होता, भोंगा झाला, एकही बाई आत गेली नाही. मी त्यांना म्हटलं, "शेठ, हा आवाज बंद झाला तर मी तुमचा भोंगा ओढून धरीन, तो सुटणार नाही." आणि मीही थाळी घेतली.

बारा वाजायला आले तेव्हा झुलालनं तोंड वाकडं केलं. मग रडला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. डॉक्टरबाईंनी हात वर केला आणि सगळं एकदम थांबलं. ढोलकी, थाळ्या, पोरं, सगळं. ऐंशी बायका त्याचं रडणं ऐकत उभ्या राहिल्या. मालकही टोपी काढून उभे होते. "रडना," कोणीतरी म्हणालं, "रडना माय." मग सुंठवडा वाटला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन आठवडे सवय मोडलेली आणि एकदम पुरी गोळी. आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं.

तेव्हा माझा तोल गेला. भागाबाईला सगळ्यांसमोर विचारलं, "आई आहेस की वैरीण? एका दिवसाच्या नाटकासाठी पोराच्या तोंडात विष घातलंस?" ती पोराला छातीशी धरून उभी होती. वर बघितलंही नाही. म्हणाली, "मन्या गोया तुमनाजोडेच शेतस, बाई." मी म्हटलं, दुकान काय लांब आहे? दुसऱ्या आणल्यास! यशोदाबाई मागे पाठ करून गव्हाण आवरत होत्या.

बोलले ते बरंच केलं. सगळ्यांनी ऐकलं तेही बरं झालं. बाकीच्यांना वचक बसेल.

२६ डिसेंबर

गिरधरशेठांची चिठ्ठी आली. एकतीसच्या आत शेड रिकामी करा. चिठ्ठीची होडी करून पोरांना दिली. शेड नसली तर फाटकासमोरच्या निंबाखाली बसेन. निंबाला कोण गाठी बांधतो बघू!

२७ डिसेंबर

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चिठ्ठीचं बायकांना कळलं. सकाळी सातला त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ ऑफिसात शिरल्या. एकेकीनं आपापलं पोर गिरधरशेठांच्या गादीवर ठेवलं आणि कामाला निघून गेल्या. एकतीस पोरं! तेरा तान्ही, त्यांतल्या एकानंही गोळी घेतलेली नाही. एकतिसावा, झुलालच्या जागी, जिनिंगातल्या मुकादमाचा चालता नातू होता, असं म्हणतात. जिवलीनं तिथंही रांग लावली आणि दोन व्यापाऱ्यांची नखं तपासली. एक जण म्हणे निमूट हात पुढे करून उभा राहिला.

साडेनऊला शेठ स्वतः शेडमध्ये आले. धोतर ओलं. म्हणाले, "न्या बाई. शेड तुमची. होळीपर्यंत तुमची, पुढच्या हंगामातही तुमची. पण आत्ताच्या आत्ता न्या."

धुळ्याला कळवते. हसा म्हणावं आता!

भागाबाई त्या बायकांत नव्हती. झुलालला पाठीशी बांधून यंत्रावर उभी असते. त्या धुळीत, त्या रुईत. छातीत भरेल त्याच्या. यशोदाबाई म्हणाल्या, तिला बोलावून घ्या. का घेऊ? चूक तिची आहे. येऊन कबूल करू दे, मग पोर घेईन. नियम सगळ्यांना सारखा.

२८ डिसेंबर

कडेवरच्या चौदापैकी तेरा आले, तेराही जागे. भागाबाई दारावरून गेली. मी बघितलं नाही.

यशोदाबाईंचा दमा वाढला आहे. दिवसभर कोपऱ्यात बसून होत्या.

२९ डिसेंबर

दुपारी पोरं घरघर खेळत होती. जिवलीच्या मांडीवर चिंधीचं बाळ. ती उठली, कपाटापाशी गेली, कमरेची किल्ली काढून फिरवल्यासारखं केलं, चिमटीत काहीतरी धरून परत आली आणि बाळाच्या तोंडाला बोट लावलं. "गप ऱ्हाय. रडू देवानं नही, बाईनी सांगेल शे."

विचारलं, तू कोण झालीस गं? म्हणाली, "यशोदाअक्का."

डबी काढून बघितली. सात होत्या, सहा आहेत.

भोंग्याला अजून पाव तास आहे. मी फाटकात जाऊन उभी राहते. भागाबाईला जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते.